बाण आतल्या बाजूला का वळले?

आमच्या भूशास्त्र विभागात टॅबलेट आले ते एका अनुदानातून, आणि आल्या आल्या डेड स्टॉक रजिस्टरात जाऊन बसले. वीस नग, कव्हरसह. नंतर त्यांचं दर्शन झालं ते थेट नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, भेटीत. टेबलावर ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या पडद्यावर कॉलेजचं बोधचिन्ह. शिकवायला म्हणून कुणी मागितले नाहीत. फुटला तर भरपाई कुणी करायची, ते रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

मी ते मागितले लोणारसाठी. टीवायच्या मुलांची सहल तिथं ठरली होती. लोणार अभयारण्यही आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकही. तिथं हातोडा चालवायचा नाही, नमुना उचलायचा नाही. भूशास्त्राच्या मुलांकडून हातोडा काढून घेतला की त्यांना हात रिकामे वाटतात. मग घरी आणायचं काय? फोटो, टिपणं आणि मोजमापं. ही तिन्ही कामं एकाच पाटीवर होणार असतील तर पाहावं म्हटलं.

क्यूफील्ड नावाचं एक मोफत ॲप आहे. आधी उपग्रहचित्र भरून ठेवलं की नेटवर्क नसतानाही नकाशावर नोंदी करता येतात. ते टाकायला बसले तेव्हा कळलं की वीसातल्या निम्म्याच टॅबलेटमध्ये दिशा दाखवणारा चुंबकीय सेन्सर आहे. खरेदी समितीनं रॅम पाहिली होती, पडद्याचे इंच पाहिले होते. सेन्सर आहे का, हे कोटेशनमध्ये कोण विचारतो! उरलेले फोटोला ठेवले. शिवाय प्रत्येक गटाला कागदाची वही सक्तीची केली, कारण फोटो काढणारं पोर चित्र काढत नाही, आणि चित्र काढल्याशिवाय दगड नीट पाहिला जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

लोणारला मोजायचं काय, ते सांगते. दख्खनचे लाव्हाचे थर जवळपास आडवे पडलेले आहेत. घाटात कुठंही पाहा, कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. लोणारला मात्र सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या खळग्याच्या काठावर हेच थर उचकटून बाहेरच्या बाजूला कललेत, परातीची कड बाहेर वळलेली असते तसे. हे ज्वालामुखीचं मुख की उल्केचा घाव, यावर बरीच वर्षं वाद होता. 1973 मध्ये इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. प्रचंड आघातानं फेल्डस्पार खनिजाची काच होते, ती ही. त्यानंतर उल्केचं पारडं जड झालं. मुलांनी काठावर ठिकठिकाणी थरांचा डिप मोजायचा, म्हणजे थर किती अंश आणि कोणत्या दिशेला कललाय ते. नकाशावर प्रत्येक नोंदीचा एक बाण. सगळे बाण तळ्याकडं पाठ करून उभे राहायला हवेत.

सकाळी गट पांगले. उन्हात पडदा दिसेना, म्हणून मुलींनी ओढणी डोक्यावरून पडद्यापर्यंत ओढून घेतली. मुलं मग त्याच ओढणीत घुसू लागली आणि त्यावरून व्हायची ती थट्टा झाली. एक टॅबलेट तापून बंद पडला. आमच्या प्रयोगशाळेतले मामा गळ्यात जुना, दिशा आणि कल दोन्ही मोजणारा क्लायनोमीटर कंपास अडकवून फिरत होते. "मॅडम, याला चार्जिंग लागत नाही," हे त्यांनी मला दिवसभरात अनेकदा ऐकवलं.

जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांच्या नोंदी एका नकाशावर आणल्या. उत्तरेचे बाण बाहेर, पश्चिमेचे बाहेर. पूर्वेच्या गटाचे मात्र वळून काठाला समांतर झालेले, काही चक्क तळ्याकडं.

डबे तसेच राहिले. कुणी म्हणालं, तिथं प्रस्तरभंग असेल, म्हणजे खडक तुटून सरकलेला. दुसरा म्हणाला, काठाचा तुकडा घसरून आत बसला असेल. हा तर्क वेडगळ नव्हता; खळग्याच्या आतल्या भिंतीचे तुकडे घसरतात आणि त्यांचा कल बदलतो. पूर्वेचा गट खूश झाला, आपल्याला काहीतरी नवं सापडलं म्हणून. बाकीचे त्यांना वेड्यात काढू लागले. मी गप्प राहिले. वर्गात एवढा वाद मला कधी पेटवता आला नव्हता, तो कशाला विझवू?

जिंतूरकडची एक मुलगी तेवढ्यात आकड्यांचा तक्ता चाळत होती. एरवी वर्गात तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "मॅडम, यांचे अंश बरोबर आहेत. शेजारच्या गटाचे चौदा, सोळा, तेरा. यांचेही तेवढेच. फक्त दिशा फिरलीय. तुकडा घसरला असता तर अंशही बदलले असते ना?"

टॅबलेट कल मोजतो तो गुरुत्वाकर्षणाच्या आधारानं, त्याचा सेन्सर वेगळा. दिशा मोजतो चुंबकीय सेन्सर. एक खरं आणि दुसरं खोटं बोलत असेल तर दोष खडकात नाही, टॅबलेटच्या उत्तरेत आहे. हे मी सांगितलं नाही. अर्ध्या वाक्यापर्यंत पोचलेल्या तिला दुसऱ्या एका मुलानं पुढं नेलं.

मग शोध सुरू झाला. पूर्वेच्या गटानं ऊन लागू नये म्हणून कव्हर काढलं नव्हतं, फ्लॅप मागं दुमडून धरला होता. तो बंद राहावा आणि बंद होताच पडदा विझावा म्हणून फ्लॅपमध्ये छोटी चुंबकं बसवलेली असतात. दुमडल्यावर ती नेमकी सेन्सरच्या पाठीशी येत होती. मामांनी आपला कंपास फ्लॅपजवळ नेला. सुई गर्रकन फिरली आणि मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही.

तेवढ्यावर मुलांनी सोडलं नाही. समोरच्या काठावरची एक इमारत उपग्रहचित्रात ओळखू येत होती. आपण उभे आहोत तिथून तिच्यापर्यंतची दिशा नकाशावर मोजली, मग टॅबलेटनं. आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळं दोन्ही जुळायला हवं. फ्लॅप दुमडून पन्नासेक अंशांची चूक. कव्हर काढल्यावर दोन-तीन अंश. टॅबलेट खडकावर टेकवून पाहिला तर पुन्हा बारा-पंधरा अंश हलला, आणि आता मामांचा कंपासही हलला. बेसाल्टमध्ये, म्हणजे इथल्या लाव्हाच्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, उंचवट्यावरचा एखादा खडक तर वीज पडूनही चुंबकासारखा झालेला असतो. मामांचा आनंद थोडा ओसरला. टॅबलेट आणि कंपास दोन्ही खडकापासून छातीच्या उंचीवर धरून मोजायचं ठरलं.

दुपारी पूर्वेचा गट पुन्हा गेला, या वेळी जिंतूरच्या मुलीला सोबत घेऊन.

जुन्या पद्धतीत हे कसं झालं असतं ते मला ठाऊक आहे. नोंदी वहीत, वही बॅगेत. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत आलेख काढताना गडबड दिसली असती, तोवर लोणार दूर राहिलेलं. मग 'निरीक्षणातील त्रुटी' असं लिहून ते बाण गाळले असते. टॅबलेटचं कौतुक करायचं तर मी एवढंच करीन, की चूक सापडली तेव्हा मुलांचे पाय अजून त्याच खडकावर होते. कंपास म्हणून तो मामांच्या कंपासाहून काडीचाही सरस ठरला नाही.

संध्याकाळी नवा नकाशा जुळवला. पूर्वेचे बाण बाहेर वळले होते. एक सोडून. तो आतच पाहत राहिला, आणि या वेळी त्याचे अंशही शेजाऱ्यांहून वेगळे, तीसच्या पुढं. घसरलेल्या तुकड्याचा तर्क लढवणारा मुलगा उड्या मारायचा तेवढा बाकी होता.

प्रात्यक्षिक परीक्षेला आलेल्या बहिःस्थ परीक्षकांनी त्या मुलीच्या जर्नलमधला नकाशा पाहिला आणि पेन्सिलीनं त्या बाणाभोवती गोल केला. "हा का काढून टाकला नाही?"

तिनं वहीतलं रेखाचित्र उघडलं, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो दाखवला आणि म्हणाली, "सर, कव्हर काढून मोजलाय. कंपासनंही मोजलाय."

त्यांना कव्हरचं काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, आणि पुढची वीस मिनिटं बाकीचा वर्ग बाहेर ताटकळत राहिला.