एक्स्चेंज आता घरातच: लँडलाइनच्या जागी अ‍ॅडॅप्टर, कामाची नोंद

पार्ल्याच्या घरातली तांब्याची लाइन बाजूला झाली. हॉलच्या शोकेसमध्ये आता साधे फोन इंटरनेटवरून चालवणारा डबा, ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०२ बसलाय, साबणाच्या वडीएवढा, मागे दोन फोनची भोकं आणि एक लॅनचं. एका भोकावर आईचा बटणांचा बीटेल, दुसऱ्यावर आजोबांच्या वेळचा आयटीआयचा काळा, डायलचा. दोन्हीवर फोन येतात, दोन्हीवरून जातात. काम संपलेलं नाही, पण या वाटेने जाणाऱ्यांना उपयोग होईल इतपत साचलंय म्हणून लिहून ठेवतो.

आधी एक सांगून टाकतो. फायबरच्या प्लॅनबरोबर फोन मिळतोच, ओएनटीच्या (फायबर जिथे संपतं त्या डब्याच्या) मागे फोनचं पोर्ट असतं, त्यात वायर खुपसली की झालं. ज्यांच्याकडे बटणांचा एकच फोन आहे त्यांनी खुशाल तेच करावं, पुढचं वाचायची गरज नाही. माझी अडचण काळ्या फोनची. आमच्या ओएनटीचं पोर्ट डायलच्या पल्स (डायल परत फिरताना लाइन तुटून पडणारे ठोके) ओळखत नाही आणि त्याच्या आतल्या सेटिंगला आपल्याला हात लावता येत नाही. एचटी८०२ मध्ये पल्स डायलिंग चालू करता येतं आणि बाकीही बरंच उघडं असतं. म्हणून वेगळा अ‍ॅडॅप्टर.

आपण म्हणतो की अ‍ॅडॅप्टर फोनला इंटरनेटशी जोडतो. ते खरं असलं तरी त्यातलं सोपं काम तेवढंच आहे. फोनला ४८ व्होल्ट पुरवायचे, घंटी वाजवायची, डायल टोन द्यायचा, आकडे मोजायचे, नंबर कधी पुरा झाला ते ठरवायचं, वीज गेली तरी जिवंत राहायचं. मुंबईत एक्स्चेंज १८८२ मध्ये आलं, आणि पुढे ही सगळी कामं तेच करत आलं. तो संसार आता आपल्या शोकेसमध्ये आला. इंटरनेटचा भाग एका संध्याकाळी उरकला. बाकी सगळा वेळ गेला तो एक्स्चेंज चालवण्यात.

नंबर आणि खातं

जुना नंबर बरोबर येत नाही. नंबर पोर्ट करायची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आली ती मोबाइलसाठी. लँडलाइनचा नंबर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्यामुळे ०२२ चा नवा नंबर देणाऱ्या परवानाधारक कंपनीकडे सिप, म्हणजे इंटरनेटवरून फोन लावायच्या पद्धतीचं, खातं घेतलं. केवायसी रीतसर होते आणि तशी झालेलीच बरी. आणखी एक: एफएक्सओ पोर्टवाला (एक्स्चेंजची लाइन ज्यात लावता येते असा) अ‍ॅडॅप्टर आणून इंटरनेटवरून आलेले कॉल घरच्या जुन्या लाइनमधून गावभर सोडायची आयडिया कुणाला सुचली तर ती तिथेच सोडून द्यावी. परवान्याशिवाय असं करणं म्हणजे बेकायदा एक्स्चेंज, आणि त्यावर धाडी पडतात.

आईला नवा नंबर पटवणं हे वेगळंच प्रकरण. "इतकी वर्षं सगळ्यांच्या डायरीत तोच नंबर आहे, त्याचं काय?" हा प्रश्न तांत्रिक नसला तरी सगळ्यात रास्त होता. उपाय म्हणून जुन्या लाइनवर आधीच कॉल फॉरवर्डिंग लावून घेतलं आणि ती काही महिने चालू ठेवतोय. बँक, गॅस एजन्सी, सोसायटीचं ऑफिस, भजनी मंडळ या क्रमाने नवा नंबर कळवणं चालू आहे. भजनी मंडळाला सगळ्यात आधी कळलं.

रोझेट, आणि इथे घाई नको

आमच्याकडे बाहेरची तारांची जोडी खिडकीजवळच्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत, येते. तिथून दोन तारांची वायर हॉल, आतली खोली आणि स्वयंपाकघर अशी फिरते. सगळी सॉकेट्स पॅरलल, म्हणजे एकाच जोडीवर. याचा फायदा असा की अ‍ॅडॅप्टर कुठल्याही एका सॉकेटला लावला की घरभर लाइन मिळते. धोका असा की बाहेरची जोडी सुटलेली नसेल तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट आणि रिंगचा एसी थेट अ‍ॅडॅप्टरच्या पोर्टात शिरतात. पोर्ट त्यासाठी बनलेलं नसतं. ते स्वतः करंट पुरवणारं आहे.

म्हणून क्रम असा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून रोझेटच्या स्क्रूंवर मोजा. रिसीव्हर खाली असताना ४८ च्या आसपास दिसेल, उचलला की दहाच्या खाली येईल. मग बाहेरून येणारी जोडी दोन्ही तारांनी सोडवा. एकच तार काढून भागत नाही. टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळून डबीतच ठेवा, कापू नका. परत मोजा. घरातल्या वायरवर शून्य दिसलं तरच अ‍ॅडॅप्टर लावा. लाइनला करंट कसला असतो, असं म्हणणाऱ्यांनी हे काम चालू असताना नेमका कुणाचा तरी फोन येऊ द्यावा. रिंगच्या वेळी त्या तारांवर ७५ व्होल्ट किंवा जास्त असतो आणि तो चांगला झणझणतो.

बाहेरची जोडी सुटली याचा पावसाळ्यात आणखी एक लाभ आहे. गच्चीवरून, भिंतीवरून आलेल्या त्या लांब तारेतून विजेचा झटका घरात यायची वाट बंद झाली. फायबर काचेचं, त्यातून काही येत नाही.

घरात दोन फोन वेगळ्या पोर्टांवर हवे असल्याने घरची वायर पहिल्या पोर्टला दिली आणि काळा फोन दुसऱ्या पोर्टाला थेट लावला. दोन्ही एकाच वायरवर ठेवले असते तर डायल फिरवताना दुसऱ्या फोनची घंटी टिणटिणली असती. जुन्या घरांत ज्यांनी ते ऐकलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

रजिस्ट्रेशन

हा सोपा भाग. बटणांच्या फोनवरून तीनदा स्टार दाबून ०२ दाबलं की अ‍ॅडॅप्टर स्वतःचा आयपी पत्ता बोलून दाखवतो. डायलच्या फोनला स्टार नसतो, तेव्हा पहिल्या दिवशी घरात एक बटणांचा फोन लागतोच. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकायचा, पासवर्ड आधी बदलायचा, मग सिप सर्व्हर, युजर आयडी, पासवर्ड भरायचे. रजिस्टर झालं की दिवा लागतो.

लागला. पण काही वेळाने बाहेरून येणारे फोन लागेनात, आपण एक फोन केला की मग थोडा वेळ लागायचे. हे लक्षण ओळखून ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक ब्रॉडबँडवर घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, अनेक घरं एका पत्त्यामागे असतात. राउटरचा डब्ल्यूएएन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही त्यातलेच. अशा वेळी बाहेरून आत यायची फट काही सेकंद किंवा मिनिटं शांतता राहिली की बुजते. उपाय म्हणजे कीप-अलाइव्ह (सर्व्हरला अधूनमधून टिचकी मारत राहणं) चालू करून २० सेकंदांवर ठेवणं, म्हणजे फट उघडी राहते. दुसरं, राउटरमधलं सिप एएलजी बंद करणं. ते मदत करायला म्हणून पॅकेटमधले पत्ते बदलतं आणि एका बाजूचा आवाज गायब होतो. आपल्याला ऐकू येतं, समोरच्याला नाही, किंवा उलट.

कोडेक, म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत, जी.७११ चा ए-लॉ ठेवला. एका दिशेला ८०-९० केबीपीएस जातात, फायबरवर ते कुणाच्या खिजगणतीतही नाही. वाचवायला म्हणून आवाज आवळणारा जी.७२९ लावण्यात काही अर्थ नाही.

टोन, घंटी आणि काळा फोन

यात मी सगळ्यात जास्त रमलो. अ‍ॅडॅप्टर मुळात अमेरिकन वळणाचा येतो. डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झचा, घंटी दोन सेकंद वाजून चार सेकंद गप्प. आईने रिसीव्हर उचलून लगेच खाली ठेवला: "हा आपला फोन नाही."

आपला डायल टोन म्हणजे ४०० हर्ट्‌झवर २५ हर्ट्‌झची थरथर. ती जी घरघर आपल्या कानात बसलीय ती या २५ ची. अ‍ॅडॅप्टरला असं मॉड्युलेशन सांगता येत नाही, दोनच फ्रिक्वेन्सी देता येतात. ४०० आणि ४२५ दिल्या. दोघांत २५ चा फरक, त्यामुळे सेकंदाला २५ ठोके पडतात आणि कानाला जवळपास तोच टोन येतो. एंगेज टोन ४०० चाच, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. घंटी ०.४ चालू, ०.२ बंद, ०.४ चालू, २ सेकंद बंद. हे आपलं ट्रिंग-ट्रिंग. रिंगची फ्रिक्वेन्सीही २० वरून २५ केली. इलेक्ट्रॉनिक फोनला फरक पडत नाही, पण काळ्या फोनची खरी घंटी २० वर मरगळल्यासारखी वाजत होती, २५ वर खणखणली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "हं, आता वाजला."

लाइनच्या इम्पीडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) यादीत भारत आणि न्यूझीलंड एकाच ओळीत आहेत, ते निवडलं. अमेरिकन सेटिंगवर बीटेलमध्ये स्वतःचाच आवाज किंचित मागून येत होता, तो गेला. कॉलर आयडीसाठी बीटेल एफएसके आणि डीटीएमएफ या नंबर पाठवायच्या दोन्ही पद्धती ओळखतो, त्यामुळे यादीतला एकेक प्रकार लावून जो नंबर दाखवेल तो ठेवायचा. त्यात फार शास्त्र नाही.

पल्स चालू केल्यावर काळा फोन पहिल्याच फटक्यात लागला नाही. डायल सुटून परत येताना सेकंदाला दहा पल्स पडायला हव्यात, ० म्हणजे दहा पल्स. आमचं डायल इतकी वर्षं पडून असल्याने आठाच्या आसपास रेंगाळत होतं आणि ९, ० कधी कधी चुकायचे. आतला गव्हर्नर, म्हणजे वेग बांधून ठेवणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तेल अगदी सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. आता आकडे बरोबर येतात. एक पल्स सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याएवढी तुटते, आणि हुक-फ्लॅश (हुक क्षणभर दाबून सोडणं) म्हणून अ‍ॅडॅप्टर ३०० मिलिसेकंदांपासून पुढचं धरतो, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. यातून एक गंमत मिळते: डायल न फिरवता हुक बोटाने टकटक करूनही नंबर लावता येतो. हात बसला तर.

नंबर कधी पुरा झाला?

याचा विचार आपण आयुष्यात केलेला नसतो, कारण ते एक्स्चेंज बघायचं. बटणांच्या फोनवर शेवटी हॅश दाबता येतो, डायलवर हॅश नाही. शेवटच्या आकड्यानंतर ठरावीक वेळ थांबून अ‍ॅडॅप्टर नंबर पाठवतो. मुळात ही वेळ ४ सेकंद असते. आई डायरीत बघून दोन आकडे फिरवते, चष्मा सारखा करते, मग पुढचे फिरवते. तेवढ्यात अर्धवट नंबर जायचा. वेळ वाढवली तर प्रत्येक कॉलला ताटकळत बसावं लागतं.

डायल प्लॅन लिहिला तेव्हा हे सुटलं. २ ने सुरू झालं तर आठवा आकडा पडताच पाठव. ० ने सुरू झालं तर अकरावा पडताच पाठव. यात बाहेरगावचे नंबर आले आणि मोबाइलही आले, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावंच लागतं. डोंबिवलीच्या मावशीचा ०२५१ यातच बसतो. बाकी सगळ्यांना थांबण्याची वेळ ८ सेकंद. मोबाइलला शून्य आपोआप लावायचा मोह झाला होता, पण मुंबईत ६ ने सुरू होणारे आठ आकडी लँडलाइन नंबरही आहेत आणि ६ ने सुरू होणारे मोबाइलही. आठव्या आकड्यावर अ‍ॅडॅप्टरने काय समजायचं? राहू दे. शून्य लावायची आईला सवय आहे.

वीज

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली होती ते आठवत असेल. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्या पुरवठा करायच्या, घरात अंधार असला तरी डायल टोन यायचा. आता ती बॅटरीही आपली. राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घेतला, १२ व्होल्ट ओएनटीला, ५ व्होल्टची यूएसबी अ‍ॅडॅप्टरला.

खोक्यावरचा एमएएचचा आकडा बघून हुरळू नका. तो आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, रूपांतरातली गळती धरून हाती ३० लागतात. ओएनटी आणि अ‍ॅडॅप्टर मिळून १२ वॅट खात असतील तर अडीच तास.

आणि यूपीएस घ्यायच्या आधी एवढं बघा की तुमचं कनेक्शन घरापर्यंत फायबरने येतं की गच्चीवरच्या स्विचमधून लॅनच्या वायरने. घरापर्यंत येणाऱ्या (जीपॉन) फायबरच्या वाटेत इमारतीतला स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटून देणारा भाग, असतो, त्याला वीज लागत नाही. गच्चीवरचा स्विच मात्र सोसायटीच्या विजेवर चालतो; ती गेली की तुमचा यूपीएस नुसताच उजेड पाडत बसतो. ११२ साठी मोबाइल चार्ज करून ठेवायचाच, हे आईच्या फोनच्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय.

उरलेलं

जुनी लाइन बंद करायचा अर्ज गणपतीनंतर. बँकांच्या आवाजी मेनूसाठी काळा फोन बिनकामाचा, तिथे बीटेलच. दोन पोर्टांमध्ये घरातल्या घरात फोन लावता यावा म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क चढवणार आहे. कुणी आधीच सुरुवात करत असेल तर जुन्या लेखांतली चॅन-सिपची (त्या सॉफ्टवेअरमधल्या सिपच्या जुन्या भागाची) कॉन्फिगरेशन उतरवून घेऊ नका, २१ व्या आवृत्तीपासून ते काढून टाकलंय. त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपवरच मांडा.