लांब मांड्यांचा स्क्वाट

जिममध्ये नव्याने आलेल्या उंच मुलाला स्क्वाट करताना, म्हणजे खांद्यांवर बारबेल (वजने लावलेला दांडा) घेऊन खाली बसून उठताना, "छाती वर, पाठ सरळ" असे सतत बजावले जाते, पण त्याच्या मांडीच्या हाडाची लांबी कोणी पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. बारबेलचा भार तळपायाच्या मध्यावर राहिला नाही तर तोल जातो. त्यामुळे ज्याची मांडी धडाच्या मानाने लांब असते, त्याचे नितंब खाली बसताना अधिक मागे जातात आणि धडाला तितकेच पुढे झुकावे लागते. हा झुकाव म्हणजे दोष नव्हे. कण्याचा नैसर्गिक बाक टिकला आहे ना, एवढे पाहावे. अशा व्यक्तीने पावले खांद्यांपेक्षा थोडी रुंद ठेवून चवडे बाहेर वळवावेत आणि गुडघे चवड्यांच्याच दिशेने उघडावेत. घोटा ताठर असेल, तर टाचेखाली पातळ फळी किंवा उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट उपयोगी पडतात. आपल्या तालमीतल्या बैठकांमध्ये तर टाचा उचलल्याच जातात आणि गुडघे बिनदिक्कत पुढे येतात. आखूड मांड्या असणाऱ्याला यातले फारसे काही करावे लागत नाही. खुब्याच्या खोबणीची ठेवणही प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे, तळाशी जिथे कंबर आत वळू लागते त्याच्या किंचित वर थांबावे आणि तेवढ्याच खोलीवर वजन वाढवावे.