नळदुर्गचा नर-मादी : निघण्याआधी ‘पाणी सुटलं का?’ विचारा

सह्याद्रीतले धबधबे जुलैत धो-धो वाहत असतात, तेव्हा आमच्याकडे मराठवाड्यात अजून दुबार पेरणीची धास्ती गेलेली नसते. त्यामुळे नळदुर्गचा बेत कॅलेंडर बघून आखू नका. किल्ल्यातला नर-मादी धबधबा वाहायचा तर वरचं बोरी धरण भरून सांडव्यातून पाणी सुटावं लागतं. ते बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात. पावसाने दगा दिला तर त्या वर्षी नाहीच. तिकडच्या कुणा ओळखीच्याला फोन लावून पाणी सुटल्याची खात्री करा, मगच गाडी काढा. आमचे दाजी तुळजापूरला असतात. ‘दोन्ही चालू झालेत, या लवकर’ असा त्यांचा निरोप आला आणि रविवारची गर्दी टाळून आम्ही लातूरहून औसा-तुळजापूर करत निघालो.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच आहे. स्वतःची गाडी नसेल तर सोलापूरपर्यंत रेल्वेने या, तिथून उमरग्याकडे जाणारी एसटी धरा. किल्ला गावाला लागूनच आहे. दारात तिकीट काढायचं आणि चालायला लागायचं. चालणं भरपूर आहे, सावली कमी.

हा डोंगरकड्यावरून कोसळणारा धबधबा नव्हे, माणसाने बांधलेला आहे. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांच्यामध्ये बोरी नदी. तिच्यावर दगडी बांध घालून दोन्ही जोडलेत, आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल काढलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं हे काम. बांधावरून पाणी दोन ठिकाणी खाली झेपावतं. थोरला तो नर, धाकटी ती मादी.

बांधावरून बघून, फोटो काढून परत फिरणारे बरेच दिसले. तसं करू नका. खरी मजा महालात आहे. अरुंद, अंधाऱ्या जिन्याने खाली उतरताना आधी आवाज येतो, मग गारवा. भिंतीला तळहात लावला तर दगड बारीक थरथरतोय असं वाटतं. सज्जापाशी गेलं की बाजूने पाणी कोसळत असतं. तुषार चेहऱ्यावर येतात, पण आपण काही भिजत नाही. आमच्या धाकट्याने चारदा हात बाहेर काढला आणि चारदा आईचा धपाटा खाल्ला. तिथे फारसी शिलालेख आहे. हा महाल पाहून मित्राचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, असा त्याचा आशय. बढाई खरी, पण चारशे वर्षं पूर सोसून उभ्या राहिलेल्या बांधाला ती शोभते.

पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाच्या चपला घालून आलेले लोक भिंत धरून, खेकड्यासारखे तिरके उतरत होते. पकड असलेले बूट घाला, जिन्यासाठी मोबाइलची बॅटरी राखून ठेवा, लेकरांचा हात सोडू नका. पूर फार असला की महालाची वाट बंद ठेवतात. तेव्हा रखवालदाराशी हुज्जत घालू नका. बांधाच्या कडेवर बसून सेल्फी काढणाऱ्यांना तर काय सांगावं! खाली सरळ खोल घळ आहे.

उपळी बुरूज मात्र ऊन चढायच्या आत उरकून घ्या. पायऱ्या उंच आहेत, गुडघे बोलू लागतात. वरच्या तोफा आणि चौफेर दिसणारा किल्ला बघून कष्ट वसूल होतात. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज बाहेरच्या बाजूने जास्त उठून दिसतो.

जेवण महामार्गावरच्या ढाब्यावर केलं. भाकरी कडक, शेंगाचटणी झकास, वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्त. घरून डबा आणलात तर उरलेलं नि प्लास्टिक परत न्या. बांधाजवळ वेफर्सची पाकिटं बघून चीड आली.

परतताना वेळ असेल तर जवळच अणदूर आहे. तिथला खंडोबा वर्षाचे दहाएक महिने अणदूरला आणि उरलेले नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो, तेव्हा देव सध्या कुठे आहे तेही फोनवरच विचारून घ्या. सोलापूरकडून येणार असाल तर कोजागिरीच्या आसपासचे दिवस टाळा. सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी भरलेला असतो आणि वाहनं दुसरीकडून वळवतात.