केमोच्या वॉर्डात रुळताना

नागपूरला मेडिसिन वॉर्डातून केमोथेरपी डे-केअरला बदली झाली, तेव्हा इन्चार्ज सिस्टरांनी प्रशिक्षण होईपर्यंत मला औषधाला हातसुद्धा लावू दिला नाही. त्यांचं बरोबरच होतं. सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन ही औषधं कॅन्सरच्या पेशी मारतात, पण हाताळणाऱ्याच्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. १९७९ सालीच फिनलंडच्या संशोधकांना ही औषधं देणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जनुकीय बदल घडवणारा अंश आढळला होता. आणि माझ्या आधीच्या हॉस्पिटलात ती वॉर्डातल्या टेबलावर, चालू पंख्याखाली भरली जायची! आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

इथे सरावाच्या बाटल्यांत औषधाऐवजी फ्लुरोसीन, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारा रंग, होता. सगळ्यांचं भरून झाल्यावर दिवे बंद केले आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा फिरवला. सिरिंजच्या तोंडाशी हिरवे ठिपके असणार हे ठाऊक होतं; पण सलाईनच्या स्टँडवर, पेनावर, दाराच्या कडीवरही? ग्लोव्हजच्या दोन जोड्या का, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. आतली जोडी गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवरून. दर अर्ध्या तासाला बदलायची, फाटली तर तेव्हाच. काढताना आधी बाहेरची, मग गाऊन आतली बाजू वर येईल असा गुंडाळत, आतली जोडी सगळ्यात शेवटी. नंतर साबण-पाणीच, सॅनिटायझरने औषध निघत नाही. मे महिन्यात, पारा ४५ कडे सरकलेला असताना, तो गाऊन नको नको होतो. तरी घालायचाच.

आमच्याकडे गोंदिया, बालाघाटहून पेशंट येतात आणि त्याच दिवशी परततात. एका आजींनी विचारलं, "सिस्टर, पोराचे कपडे मीच धुतो, मले काई होईन का?" त्यांना नीट समजावलं: ४८ तास त्याच्या लघवी-उलटीतून औषध बाहेर पडतं, तोवर ग्लोव्हज घाला, कपडे वेगळे धुवा, संडासात दोनदा पाणी टाका. हे सुट्टीच्या कागदावर ठळक छापलं पाहिजे, असं मी सिस्टरांना सांगितलं आहे.

उरलेलं औषध सायटोटॉक्सिक (पेशींना घातक) लेबलच्या पिवळ्या पिशवीत जातं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते १२०० अंशांच्या वर जाळावं लागतं. ती पिशवी उचलतात आमच्या मावश्या. सांडलेलं पुसायला बहुतेक वेळा त्यांनाच हाक मारतात, पण स्पिल किट (सांडलेलं औषध सुरक्षितपणे उचलायचा संच) कसं वापरायचं हे रात्रपाळीच्या मावश्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही. पुढच्या बॅचमध्ये त्यांची नावं घाला, असा अर्ज मी दिलाय.