बुडबुडा कुठी हाये?

आयटीतली नोकरी गेल्यावर मी डेन्व्हरजवळच्या एका दुकानासाठी फ्लाय-फिशिंगचा गाईड झालो, हे गावी सांगितलं तेव्हा आईने फोनवर विचारलं होतं, "म्हणजे मासे पकडायला शिकवतोस? आणि लोक त्याचे पैसे देतात?" देतात. रात्री आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटे कीटक, म्हणजे फ्लाय, तयार करायचे आणि सकाळी गिऱ्हाइकाला साउथ प्लॅट नदीवर न्यायचं. गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकन. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या सकाळी गाडीतून उतरलेल्या सत्तरीच्या गृहस्थांनी "तू आपल्या तिकडचाच का रे भाऊ?" म्हटलं, तेव्हा मी उडालोच.

काका कामठीचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. लेकीकडे आले होते आणि जावयाने त्यांना ही एक दिवसाची सहल भेट दिली होती. लहानपणी कन्हान नदीवर गळ टाकायचे. "गांडूळ नाई लावत तुम्ही? निस्तं पीस?" आकडा उलटसुलट करून त्यांनी विचारलं.

सकाळ कोरडी गेली. डेकर्स गावाच्या वर चीझमन धरण आहे, 1905 साली पुरं झालेलं. त्यातून सुटलेलं पाणी काचेसारखं नितळ आणि हात सुन्न करणारं. त्यात ट्राउट मासे दिसतात, पण रोज कुणी ना कुणी त्यांच्या नाकासमोरून फ्लाय वाहवत असल्यामुळे ते फार चिकित्सक झालेत. तळाशी निम्फ, म्हणजे कीटकाच्या पाण्यातल्या पिल्लासारख्या फ्लाय, सोडून पाहिले. काकांनी दोनदा झाडावर आणि एकदा माझ्या टोपीत आकडा अडकवला. जेवताना त्यांनी लेकीने दिलेला ठेचा काढला, तोच त्या सकाळचा विजय.

दीडच्या सुमारास ढग खाली आले, झिमझिम सुरू झाली आणि नदी उकळल्यासारखी दिसू लागली. ब्ल्यू-विंग्ड ऑलिव्ह! पाच-सहा मिलिमीटरचे, राखट पंखांचे हे कीटक असल्याच दमट हवेत हजारोंनी वर येतात. मी खुशीत डबी उघडली. आदल्या रात्री वीस नंबरच्या, म्हणजे अगदी इवल्याशा आकड्यावर बांधलेल्या बारा पॅराशूट फ्लाय. उभा पांढरा पंख, भोवती हॅकलची, म्हणजे कोंबड्याच्या पिसाची, गोल झालर. खोटं कशाला सांगू, त्यांचा मी फोटोही काढून ठेवला होता.

पण मासे त्यांच्याकडे ढुंकूनही बघेनात. फ्लाय अगदी डोक्यावरून, नैसर्गिक कीटकाच्या चालीने जायची आणि मासा तिच्या वीतभर शेजारी काहीतरी टिपायचा. मी दोऱ्याचं टोक बारीक केलं. फ्लाय बदलली, म्हणजे तसलीच दुसरी लावली. मग बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांची, सीडीसीची एक काढली आणि गारठलेल्या बोटांनी सवयीने तिला तरंगण्याचं जेल चोपडलं. या पिसाला जेल कधीच लावायचं नसतं; तंतू चिकटतात आणि पिसाचा बोळा होतो. नवशिक्यांना मी हेच बजावतो. काकांना काही कळलं नाही, पण मला माझी लाज वाटली.

एवढा वेळ काका कमरेवर हात ठेवून पाण्याकडे पाहत होते.

"भाऊ, तो तोंड नाई काढून राहिला. पाठ काढून राहिला."

"म्हणजे?"

"पाह्य ना. वरून खाल्लं तर हवा जाते तोंडात. मंग बुडबुडा येते. बुडबुडा कुठी हाये?"

नव्हता. नुसतं पाणी फुगत होतं, मग पाठीचा पर, मग शेपटीचं टोक. मासे पृष्ठभागावरचं नाही, पृष्ठभागाच्या लगेच खालचं खात होते. हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना शिकवलंय आणि त्या दिवशी मला माझ्या फोटोतल्या फ्लाय वापरायच्या होत्या, बस.

एवढ्यात काकांच्या बाहीवर एक कीटक चिकटलेला दिसला. डोकं आणि छाती बाहेर, पंख चुरगळलेले आणि मागचा भाग अजून जुन्या कातडीत. तळातला निम्फ वर येतो, पाठ उकलते आणि त्याला पाण्याच्या ताणलेल्या सायीतून बाहेर निघावं लागतं. गारठ्यात हे काम रखडतं. काही तिथेच अडकून मरतात. उडू शकणाऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा अडकलेला खाणं माशाला सोपं. फ्लाय बांधणारे या अवस्थेला इमर्जर म्हणतात.

माझ्या डबीच्या कोपऱ्यात तीन आरएस 2 होत्या. मूळचे कोरियाचे रिम चुंग यांनी 1970च्या दशकात ही फ्लाय साउथ प्लॅटच्या चोखंदळ माशांसाठीच घडवली. बीव्हरच्या लोकरीचं बारीक अंग, दोन फाकलेल्या तंतूंची शेपूट, पाठीवर मऊ पिसाचा इवलासा झुबका. दिसायला अगदीच दरिद्री. दोऱ्याला शेवटची वीतभर सोडून ग्रीस लावलं, म्हणजे दोरा तरंगेल आणि फ्लाय सायीतच लोंबत राहील.

तिसऱ्या फेकीला पाणी फुगलं. काकांनी कन्हानच्या सवयीने असा हिसका दिला की दोरा तुटून फ्लाय गेली. "निस्ती काठी उचला काका, हळू." दुसरी झाडाने घेतली. तिसरी खडकाच्या कडेने वाहत गेली, फुगवटा आला, काकांनी काठी उचलली आणि रीळ किंचाळली.

तपकिरी ट्राउट, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, कुशीवर लाल ठिपके. जाळीत पाण्यातच धरून मी आकडा काढला. काका ओल्या हातांनी त्याला आधार देऊन बसले. मी म्हटलं, "आता सोडा."

"सोडू?"

"हो."

"मंग धरला कायले?"

मला धड उत्तर सुचलं नाही. मासा मात्र थांबला नाही, शेपटीच्या एका फटक्यात गेला. काकांच्या चष्म्यावर पाणी उडालं.

त्यानंतर डबीत आरएस 2 उरली नव्हती. मी कात्री काढली आणि त्या देखण्या पॅराशूट फ्लायची झालर छाटली, पंख अर्ध्यावर आणला, अंग थुंकीने भिजवलं. अशी विद्रूप केलेली एक फ्लाय पुढच्या तासाभरात आणखी दोन मासे देऊन गेली. उरलेल्यांपैकी सात मी नदीकाठी बसून कापल्या.

निघताना काकांनी त्यातली एक मागून घेतली आणि टोपीला खोचली.

"कन्हानले लावून पाहीन."

"काका, तिथे ट्राउट नाहीत."

"त्या माशायले काय मालूम?"