उजेडासाठी एक युरो

संभाजीनगरच्या शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना लिओनार्दो दा विंचीचं ‘लास्ट सपर’, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, दाखवायचे ते एका जुन्या कॅलेंडरच्या पानावरून, आणि त्यात येशूच्या पायांवर नेमकी कॅलेंडरची पत्र्याची पट्टी आलेली. निवृत्तीनंतर इटलीला जायचं ठरलं तेव्हा मी टूरवाल्यांना एकच प्रश्न विचारत सुटले: आत नेता की बाहेरून दाखवता? ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बाहेरून, ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे बसच्या काचेतून, हे तिसऱ्या फोननंतर कळलं. शेवटी पुण्याची एक २२ जणांची सहल मिळाली. दहा दिवस, मिलान, पादुआ, राव्हेना, फ्लॉरेन्स आणि रोम, एवढंच.

व्हिसाची सव्यापसव्यं बहुतेकांना पाठ असतात. आयकराची कागदपत्रं, बँकेचा शिक्का, ३०,००० युरोंचा विमा. आमचं सगळं सुरळीत झालं, अडले फक्त माझे ठसे. इतकी वर्षं खडूनं झिजलेली बोटं, मशीन चारदा नाही म्हणालं. पाचव्यांदा टेबलावरच्या मुलीनं माझी बोटं स्वतःच्या हातानं दाबून धरली तेव्हा कुठे घेतले.

मिलानला सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात भिंतीवर ‘लास्ट सपर’ आहे. आधी वेळ आरक्षित करायची, एकामागून एक काचेची दारं ओलांडायची, आणि आत फक्त १५ मिनिटं. कॅलेंडरची पट्टी इथे नव्हती, पण पायही नव्हते! १६५२ साली मठवाल्यांनी भिंतीत दार मोठं करताना ते कापून टाकले. लिओनार्दोनं ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवलं, म्हणून त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागले. पुढे दुरुस्त करणाऱ्यांनी त्यावर सरस फासला, आपलेच रंग चढवले. गाईड हे सांगत होती आणि मला आमची अजिंठा आठवत होती. तिथेही चित्रं कोरड्या गिलाव्यावरच. १९२०च्या सुमारास निजामानं ती वाचवायला तज्ज्ञ बोलावले, चेकोनी आणि ओर्सिनी, तेही इटलीचेच. त्यांनी केलेल्या कामानं सुटणारा गिलावा धरून ठेवला खरा, पण वर लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. इकडे मिलानला १९४३च्या बॉम्बहल्ल्यात मठाचं छत कोसळलं तरी वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत उभी राहिली, हे ऐकून ग्रुपमधल्या एका काकूंनी तिथेच हात जोडले.

पादुआला मात्र मी खरी अडकले. स्क्रोव्हेन्यी चॅपल बाहेरून अगदी साधं, विटांचं. आधी १५ मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवतात. आपल्या अंगाबरोबर येणारा दमटपणा आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. समोर माहितीपट चालू असतो. नंतर दार उघडतं आणि आत परत १५ मिनिटं. आमच्यातले दोघं कॉफी प्यायला गेले ते वेळेत आले नाहीत. दार एकदा लागलं की लागलं.

आत छत निळं, त्यावर सोनेरी चांदण्या. साल साधारण १३०५. जोत्तो या चित्रकारानं इथल्या भिंतींवर ओल्या गिलाव्यावर काम केलंय, म्हणजे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. त्या तुकड्याला ते ‘जोर्नाता’ म्हणतात, दिवसभराचं काम. जवळून पाहिलं तर कुठे कुठे सांधे दिसतात. मुलांना शिकवताना मी नेहमी चेहऱ्यापासून सुरुवात करायचे. इथे येशूच्या मृतदेहाभोवती बसलेल्या दोन बायका आपल्याकडे चक्क पाठ करून बसल्यात, आणि सगळं दुःख त्या पाठींत आहे. येशूला धरून देणाऱ्या ज्यूडासचा पिवळा झगा येशूला पार गिळतोय. मागच्या भिंतीवर शेवटचा न्यायनिवाडा, त्यात अगदी वर दोन देवदूत आकाशच सतरंजीसारखं गुंडाळताहेत! खाली स्वतः एन्रिको स्क्रोव्हेन्यी चॅपलची प्रतिकृती अर्पण करतोय. याचा बाप सावकार होता, आणि कवी दान्तेनं आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलाय. बापाच्या व्याजाचं पाप फेडायला मुलानं हे बांधलं, असं म्हणतात. कानातल्या यंत्रातून गाईड बोलतच होती. मी ते काढून खिशात टाकलं, कारण १५ मिनिटांत ऐकणं आणि पाहणं दोन्ही जमत नाही.

राव्हेनात गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या समाधीत पाचव्या शतकातलं मोझेक. इथेही निळं छत आणि चांदण्या, जोत्तोच्या साडेआठशे वर्षं आधीच्या. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर या उजेड झिरपणाऱ्या दगडाच्या पातळ चकत्या आहेत. उजेड साजूक तुपासारखा येतो.

फ्लॉरेन्सला कॅथीड्रलच्या, ब्रुनेलेस्कीनं बांधलेल्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघ्यांनी आधीच उत्तर दिलं. कॅथीड्रलच्या दारात आमच्यातल्या एका तरुणाला अर्ध्या चड्डीवरून अडवलं. त्याच्या आईनं ओढणी दिली, त्यानं ती लुंगीसारखी गुंडाळली. बायकांनो, दोन ओढण्या जास्तीच्या ठेवा.

रोममध्ये सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चला तिकीट नाही. पण चित्रकार कॅराव्हॅज्जिओची चित्रं ज्या बाजूच्या चॅपलमध्ये आहेत तिथे काळोख. शेजारी एक पेटी. नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळानं खट्कन विझतो. मग सगळे अंधारात उभे, प्रत्येकाचा हिशेब एकच: दुसरा कोणीतरी टाकेल. अजिंठ्याला लहानपणी एक माणूस दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा आत टाकायचा, त्यालाही आम्ही असेच काचकूच करत पैसे द्यायचो.

“अहो, नाणं आहे का?”

“एकच आहे. बाथरूमसाठी ठेवलंय.”

“टाका.”

त्यांनी टाकलं. डाव्या भिंतीवर कर गोळा करणारा मॅथ्यू आणि त्याची माणसं टेबलापाशी नाणी मोजत बसलीत. उजवीकडून त्याला ‘माझ्यामागे ये’ म्हणत येशूचा हात पुढे येतो आणि त्याच्याच वरून उजेडाचा पट्टा. चॅपलची खरी खिडकीही त्याच बाजूला, म्हणजे चित्रातला उजेड त्या खिडकीतूनच शिरल्यासारखा. हे मी त्यांना भराभर सांगत होते, दिवा विझायच्या आत. आमचे हे विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले.

“हा वसुली खात्यातला ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे भर ड्यूटीवर उठवला बिचाऱ्याला.”

खट्कन दिवा गेला. हॉटेलपर्यंत मग बाथरूमचं नाव कोणी काढलं नाही.