न खपलेला माल

रेकॉर्डच्या दुकानांवर कुणी लिहायला घेतलं की दुसऱ्या परिच्छेदात सुईची खरखर येतेच. मला त्या खरखरीचं फारसं कौतुक नाही. बागेश्रीच्या आलापात मधेच टक् टक् वाजत असेल तर तो ओरखडा असतो, बाकी काही नाही, आणि सीडी आल्यावर तो गेला तेव्हा मी खूशच झालो होतो. दुकानं गेली याचं वाईट मात्र वाटतं, पण माझं कारण जरा उलटं आहे. शास्त्रीय संगीत त्या दुकानांत खपायचं नाही, म्हणून.

म्हणजे कसं, की कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात पुढे फिल्मी, मग गझल, मग भक्तिसंगीत, गणपतीच्या दिवसांत तर दारातच आरत्यांची रास, आणि पार आत, जिन्याखाली वगैरे, शास्त्रीयचा एक रॅक. तिथे गर्दी कधीच नसायची. कॅसेटवर जुन्या किमतीचं स्टिकर तसंच असायचं, कारण ते बदलावं इतपत ती कुणी हातातच घेतलेली नसायची. आज परवडत नाही म्हणून एखादी कॅसेट ठेवून यायचं, दिवाळीत बोनस झाला की परत जायचं, ती तिथेच, धूळ थोडी वाढलेली. मालकासाठी हा अडकलेला पैसा, आणि आमचं मात्र त्यावर वर्षानुवर्षं भागलं.

त्या रॅकचं भाडं कोण भरत होतं? फिल्मी गाणी. पुढच्या काउंटरवर नवीन सिनेमाच्या कॅसेटचे गठ्ठेच्या गठ्ठे उठायचे म्हणून मागे मल्लिकार्जुन मन्सूर निवांत बसू शकत होते. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात पाहिजे तितकी गाणी भरून मिळायला लागली आणि पहिला फटका बसला तो या पुढच्या काउंटरला. शास्त्रीयचे गिऱ्हाईक तेव्हाही येत होते बरं का, आधीइतकेच थोडे, पण दुकान त्यांच्यावर कधी चाललंच नव्हतं. म्हणून 'रसिक कमी झाले म्हणून दुकानं बंद पडली' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. रसिक आधीपासून कमीच होते, त्यांचा खर्च उचलणारा गेला.

मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीजवळ ऱ्हिदम हाऊस होतं. १९४०च्या दशकातलं दुकान, एके काळी ऐकून मग घ्यायला बूथ, नाटकांची नि मैफलींची तिकिटंही तिथेच. २०१६च्या फेब्रुवारीअखेर ते बंद झालं, नंतर ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि मग ईडीने जप्त केली, म्हणजे एका संगीताच्या दुकानाच्या नशिबात काय काय असावं! पुण्यात कर्वे रोडला अलूरकर म्युझिक हाऊस. अलूरकरांनी तर दुकान सांभाळून स्वतःच्या लेबलवर शास्त्रीयच्या कॅसेट काढल्या, जो माल खपत नाही असं सगळा बाजार सांगत होता तोच माल स्वतः तयार करायचा, याला धंद्याच्या भाषेत काय म्हणतात माहीत नाही, आमच्या भाषेत उपकार.

न खपलेल्या मालाचं महत्त्व काय ते बघायचं तर केसरबाईंची गोष्ट घ्या. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, आणि रेकॉर्डिंगच्या बाबतीत एकदम कडक. आधीच रेकॉर्ड थोड्या, त्यातल्या बऱ्याच बाजारातून गेलेल्या. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायचं ठरलं, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांची टीम गाणी निवडत होती, आणि रॉबर्ट ब्राऊन नावाच्या संगीत-अभ्यासकाने सांगितलं की भारताचं घ्यायचं तर केसरबाईंची भैरवी घ्या, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. सगळ्यांना पटलं, पण रेकॉर्ड कधीच छापायची बंद झालेली, कुठे मिळेना. शेवटी टीममधल्या अॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कमध्ये, लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. दुकान घरगुती विजेच्या वस्तूंचं, आणि तिथे एका धुळकट टेबलाखाली खोका, त्या खोक्यात या रेकॉर्डच्या तीन न उघडलेल्या प्रती.

मला या गोष्टीत यानापेक्षा तो खोका जास्त आवडतो. विचार करा, अमेरिकेत इस्त्र्या नि टोस्टर विकणाऱ्या माणसाने कधीतरी केसरबाई मागवल्या, एकही खपली नसावी, आणि तरी त्याने त्या फेकल्या नाहीत. वर्षअखेरीला नीट हिशोब करून स्टॉक क्लिअर करणारा, शिस्तीचा दुकानदार असता तर आज अंतराळात दुसरंच काहीतरी वाजत असतं. व्हॉयेजर २ गेलं २० ऑगस्टला, व्हॉयेजर १ गेलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पुढे २०१२ मध्ये व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचलं. आणि २०१७ मध्ये त्या अख्ख्या तबकडीचं रीइश्यू, म्हणजे जुन्याचीच नवी आवृत्ती, निघालं, लोकवर्गणीतून, चकचकीत विनाइलवर, त्याच्या पॅकिंगला ग्रॅमी मिळालं. पॅकिंगला! बाईंनी यावर काय ऐकवलं असतं ते मनातल्या मनात ऐकून घ्यावं.

आता रीइश्यूंबद्दल. मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही, ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची रेकॉर्ड हातातून सुटली की संपली, त्यामुळे कुणीतरी ती पुढच्या माध्यमात नेलीच पाहिजे. आधी ७८, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. मग एलपी, म्हणजे लाँग प्ले, बाजूला वीसेक मिनिटं. मग कॅसेट, सीडी, आता फोन. पण प्रत्येक वेळी घर बदलताना काहीतरी गहाळ होतं. स्पीडचंच घ्या, नावाला ७८, पण सुरुवातीच्या काळात रेकॉर्ड अगदी त्याच वेगाने कापलेल्या असतील असं नाही, त्यामुळे ट्रान्सफर करणाऱ्याने कान न लावता मशीन लावलं की काळी चारची काळी पाच होते, म्हणजे सूरच वर चढतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आधीच वरचा, त्यात स्पीड वाढला की ऐकणाऱ्याला वाटतं ते असेच बारीक गात असतील. मैफलींच्या जुन्या टेपचं दुखणं निराळं, नॉइज रिडक्शनच्या सॉफ्टवेअरला पंख्याची घरघर आणि तानपुरा यातला फरक कळतोच असं नाही. आवाज एकदम स्वच्छ होतो, आणि गवई रिकाम्या खोलीत एकटाच बसल्यासारखा वाटतो.

आणि नावं. अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीची १९६०ची एलपी, ईएएलपी १२५३, हा नंबर जुने लोक सासुरवाडीच्या फोन नंबरसारखा पाठ म्हणून दाखवतात. ती पुन्हा पुन्हा निघाली, कुठल्या ना कुठल्या रूपात कायम मिळत राहिली, चांगलंच आहे. पण फोनवर रीइश्यू बघा, चित्र कसलं तरी सूर्यास्ताचं, साल कुठल्या तरी डिजिटल आवृत्तीचं, तबल्यावर कोण याचा पत्ता नाही. नवीन ऐकणाऱ्या पोराला वाटावं की खाँसाहेब परवा-परवापर्यंत गात होते. ते १९७४ मध्येच कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. दुकानात निदान काउंटरवरचा माणूस सांगायचा, हे नका घेऊ, यात बाजू नीट उतरलेली नाही, ते दुसरं येईल तेव्हा घ्या. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा विक्रेता अॅपमध्ये कसा असणार.

मुळात रीइश्यू काढायला आधी इश्यू लागतो. अल्लादिया खाँसाहेबांचं रेकॉर्डिंग नाही, भास्करबुवा बखल्यांचं नाही, तिथे विषयच संपला. आणि ज्यांचं झालं त्यांच्याही मूळ प्रती कंपन्यांनी सगळ्या जपून ठेवल्यात असं नाही, बरंच काही वाचलंय ते कलेक्टर मंडळींच्या कपाटात. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, त्यात तर एकेक वल्ली. या लोकांनी रेकॉर्ड मिळवल्या कुठून, तर चोरबाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, वाडा पाडताना माळ्यावरून निघालेल्या भंगारातून. म्हणजे पुन्हा तेच, कुणालाच नको असलेला, कुठेतरी पडून राहिलेला माल.

इंटरनेटवर पडून राहणं हा प्रकारच नाही. आज सांगलीतल्या मुलीला जे एका सेकंदात ऐकायला मिळतं त्यासाठी आम्ही लोकांच्या घरी कोरी कॅसेट घेऊन जायचो, ते दिवस परत यावेत असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण लायसन्स संपलं की प्लेलिस्टमधलं नाव गुपचूप राखाडी होतं आणि मग ते कुठल्याच टेबलाखाली सापडत नाही.

अलीकडे विनाइल परत आलंय म्हणतात, नवी मुंबईत रेकॉर्ड प्रेसही व्हायला लागल्यात. मधे एका मॉलमध्ये मस्त दुकान दिसलं, लाकडी रॅक, पिवळे दिवे, आत आरडी, किशोर, पिंक फ्लॉइड, आणि हजारांत किमती. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, शास्त्रीयमध्ये काय आहे? मुलगा चांगला होता, टॅबवर मनापासून शोधलं त्याने, मग म्हणाला, "सर, क्लासिकल आम्ही ऑर्डरवरच मागवतो, ठेवलं की पडून राहतं."

मन्सूरांचं काहीही चालेल म्हटलं. आउट ऑफ स्टॉक आलं. 'नोटिफाय मी' करून ठेवू का म्हणाला, मी नंबर दिला. आता दर शुक्रवारी त्यांचे मेसेज येतात, इअरफोनवर चाळीस टक्के सूट.